थत्तेबाईंचं माशाचं तेल

थत्तेबाईंना कुत्री आवडत नसत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण साताऱ्यात त्यांची ओळख सांगताना लोक ‘त्या कुत्र्याला तेल पाजणाऱ्या बाई’ असंच म्हणत, आणि ऐकणाऱ्याला वाटे, बाई मोठ्या मायाळू, कुत्री मांडीवर घेऊन बसत असतील. छे. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत काही वर्षं काढली, पण त्यांनी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवलेला मला आठवत नाही. कुत्रं अंगाशी आलं तर त्या पदर सावरून मागं सरत आणि म्हणत, “लांबून. जे काय प्रेम आहे ते लांबून.” आणि कुत्री अशी मूर्ख, की साऱ्या पेठेत जीव लावायला त्यांना याच बाई सापडल्या होत्या.

मी साताऱ्याला मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. माझं माहेर सांगलीचं. यमुनाकाकू म्हणून एक बाई आपल्या घराच्या मागच्या खोल्या भाड्यानं देत, त्यांतली एक थत्तेबाईंची आणि शेजारची माझी. बाई शाळेत गणित आणि आरोग्यशास्त्र शिकवत. पन्नाशीच्या आसपासच्या, उंच, हाडापेरानं मजबूत, अंगावर पांढरं लुगडं, नाकावरून घसरणारा चष्मा. लहानपणीच वैधव्य आलं आणि थोरल्या भावानं हट्टानं शिकवलं, एवढीच त्यांची हकीकत मला ठाऊक आहे. स्वतःविषयी बोलणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं त्यांचं मत होतं.

त्यांच्या तोंडी सारखा येणारा शब्द म्हणजे ‘कारण?’ मुलगी म्हणाली, बाई, उत्तर बारा आलं, की बाई म्हणत, “कारण?” मी म्हणाले, आज भाजी खारट झाली, तरी तेच. सुरुवातीला मला त्यांचा इतका धाक बसला होता, की वेणी उजवीकडं घालताना मी मनातल्या मनात त्याचं कारण तयार ठेवायची. आणि गणिताला घाबरून एखादी मुलगी रडायला लागली तर तिला जवळ घेणं नाही, की समजावणं नाही. “नाक धरायचं आणि करायचं,” एवढंच त्या सांगत. ती पोर खरोखरच डाव्या हातानं नाक धरून भागाकाराला बसे. बाईंच्या वर्गात अशा नाक धरून बसलेल्या मुली मी या डोळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि त्यांचे भागाकार बरोबर येत, हेही पाहिलं आहे.

अशा या बाई सोवळ्याच्या भारी कडक. पहाटे विहिरीवर थंड पाण्यानं स्नान, मग त्यांचा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. कांदा-लसूण खोलीत येत नसे. मी एकदा नवखेपणात चहाचा कप घेऊन त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसले. मी उठल्यावर बाईंनी सगळी खोली सारवून काढली आणि मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला गोविंदभटजी राहत. रामाच्या देवळातली पूजा त्यांच्याकडे होती, शिवाय थोडी भिक्षुकी. गरीब, सालस माणूस. त्यांची धाकटी सुमी चालायचं वय केव्हाच उलटून गेलं तरी धड चालत नव्हती. पाय गुडघ्यातून बाहेर वाकलेले, मनगटं सुजल्यासारखी जाड, दोन पावलं टाकली की भिंतीला टेकून बसायची. तो मुडदूस होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माशाचं तेल द्यायला सांगितलं, तेव्हा भटजी पोरीला उचलून तसेच घरी आले होते. हे बाईंच्या कानावर गेलं आणि संध्याकाळी त्या मला बरोबर घेऊन भटजींच्या ओसरीवर जाऊन बसल्या.

“भटजी, हाडं अजून कोवळी आहेत. आत्ता तेल आणि ऊन मिळालं तर पाय सरळ होतील. पुढं व्हायचे नाहीत.”

भटजींनी हात जोडले. “तुम्ही शिकलेल्या, तुम्हांला मी काय सांगावं? पण माझ्या घरात मासा शिरला असं झालं तर उद्या श्राद्धपक्षाला मला कोण बोलावील? घरात एवढी खाणारी माणसं आहेत, बाई.”

“कुणाला कळणार आहे?” मी मध्येच बोलले. त्यावर भटजींच्या आधी बाईंनीच माझ्याकडं रागानं पाहिलं. चोरून करणं त्यांना भटजींइतकंच असह्य होतं.

“आणि गुण येतो हे तरी कुणी बघितलंय?” भटजी म्हणाले. “या गावात कुत्र्यालासुद्धा कुणी असलं पाजत नाही.”

“मग कुत्र्याला पाजते,” बाई उठत म्हणाल्या. “तुम्ही बघा.”

दाराआड सुमीची आई उभी होती. आम्ही निघालो तेव्हा ती उंबऱ्यापर्यंत आली आणि बाईंकडं अशी बघत राहिली, की मला तिथं उभं राहवेना.

शाळेशेजारी लाकडाची वखार होती. तिच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पावसाळ्याच्या तोंडाला एक कुत्री व्याली होती. साताऱ्याचा तो लांबलेला पाऊस, पिल्लांना उजेड म्हणून दिसला नाही. बाकीची गेली, एक तेवढं उरलं. त्याचे पुढचे पाय असे फाकलेले, की उभं राहिलं तरी बसल्यासारखं दिसे. मुलींनी त्याचं नाव फेंगड्या ठेवलं होतं. बाई त्याला ‘तो’ म्हणत.

शाळेचा शिपाई धोंडीबा त्याला पाटीत घालून फाटकाशी घेऊन आला. “बाई, ह्ये न्हाई जगायचं. कशापायी जीव शिणवताय?”

“कारण?”

“आवं, पाय बगा की त्येचं. उबं ऱ्हायाला येत न्हाई त्येला.”

“तेच तर बघायचंय.”

लढाईमुळं विलायतेहून येणाऱ्या तेलाच्या बाटल्या मिळेनाशा झाल्या होत्या. बाईंनी दाऊदभाईंना गाठलं. बाजाराच्या कडेला सुक्या मासळीचं दुकान मांडणारा हा म्हातारा, त्याची सासुरवाड कोकणात. त्या रस्त्यानं जाताना आमच्यासारख्या पदर नाकाला लावत, त्या रस्त्यावर बाई पांढऱ्या लुगड्यात त्याच्या दुकानासमोर जाऊन उभ्या राहिल्या. दाऊदभाईंनी पुढच्या खेपेला तेल आणून दिलं. बाटली हातात न देता ते आपण होऊन पायरीवर ठेवत.

“मुशी माशाच्या कलेजीचं हाय, बाई. तिकडं पोरास्नी पाजत्यात. पर वास लय वंगाळ. तुमास्नी जमंल का?”

“मला नाही, त्याला जमलं पाहिजे,” बाई म्हणाल्या.

मग रोजचा क्रम सुरू झाला. शाळा भरण्याआधी फाटकाशी, उन्हात, जाणाऱ्यायेणाऱ्या सगळ्यांसमोर. त्यासाठी एक जुनेर वेगळं काढलं होतं, ते ‘तेलाचं लुगडं’. ते नेसून यायचं, दुधात कुस्करलेल्या भाकरीवर डाव्या हातानं तेल घालायचं, फेंगड्यानं थाळी चाटून पुसून काढली की त्याला भिंतीलगत उन्हात बसवायचं. तिथून घरी, विहिरीवर पुन्हा स्नान, दुसरं लुगडं, आणि घंटेच्या आत वर्गात. साताऱ्याच्या थंडीत किल्ल्यावरून वारं सुटलं की आम्ही शालीतून हात बाहेर काढत नव्हतो. बाईंचे ओले केस वाळायला दुपार होई. त्यांना एकदा तरी शिंक यावी, म्हणजे त्याही आपल्यासारख्याच आहेत अशी खात्री पटेल, असं मला वाटे. ती काही आली नाही.

गावानं हसून घेतलं. ‘थत्तेबाईंचा नातू’ असं कुणी कोळशानं शाळेच्या भिंतीवर लिहिलं. बाईंनी ते वाचलं, ‘थत्ते’ नीट लिहिलंय म्हणाल्या आणि आत गेल्या. मुख्याध्यापिकांनी बोलावून विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाल्या, आरोग्यशास्त्राचं प्रात्यक्षिक.

मध्येच एकदा सगळं फिसकटायची वेळ आली. लवकर गुण यावा म्हणून बाईंनी तेलाचं माप वाढवलं आणि फेंगड्याला ढाळ लागले. तो मान टाकून पडला. गोविंदभटजी देवळातून येताना थांबले, त्याच्याकडं बघितलं आणि काही न बोलता गेले. त्या न बोलण्याचा अर्थ आम्हां दोघींनाही कळला. बाई तडक जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अहो, एवढ्याशा जिवाला चहाचा लहान चमचा पुरे, जास्तीचं तेल विषासारखं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात फळ्यावर लिहिलं, ‘औषध बरोबर. प्रमाण चूक. चूक माझी.’ ज्या बाईंपुढं मुली चळचळ कापत, त्या बाईंनी हे लिहिलं आणि खडू खाली ठेवून पाठ शिकवायला घेतला. मी व्हरांड्यातून बघत होते. मला वाटलं, हे आपल्याला जन्मात जमायचं नाही.

फेंगड्या सावरतोय तोच कार्तिकातली एकादशी आली. यमुनाकाकूंना बारा महिने पडसं, त्यामुळं त्यांचं नाक असून नसल्यासारखं. रेशनचे दिवस, दिव्याला तेल नाही. त्यांना परसातल्या कोनाड्यात पिवळ्याधमक तेलाची भरलेली बाटली दिसली. देवानंच पाठवलं म्हणून त्यांनी सगळी समई भरली. संध्याकाळी भजनाला बायका जमल्या. भजन रंगात आलं असताना, बाईंच्या मागं मागं घरापर्यंत आलेला फेंगड्या वाकडी पावलं टाकत उंबरा ओलांडून आत आला आणि थेट देवघरासमोर, समईकडं तोंड करून, मान लववून बसला. एक बाई डोळे पुसत म्हणाली, “बघा, मुक्या जनावराला पण देवाची ओढ.” तेवढ्यात तेल तापलं आणि समईचा वास खोलीभर पसरला.

बायका उठून गेल्या. यमुनाकाकू मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, उद्याच्या उद्या खोली रिकामी करा. मी बाईंच्या कानाशी लागले, “त्यांना मत्स्यावताराची आठवण करून द्या की.” बाई माझ्याकडं वळल्या. “थट्टा नको. त्यांच्या देवापुढं त्यांच्या मनाविरुद्ध झालंय. हसून ते भरून निघत नाही.”

मग बाईंनी समई चिंचेनं आणि राखेनं घासली, उकळतं पाणी ओतलं, पुन्हा घासली. देव धुतले, देवघर सारवलं, आणि द्वादशीलाही उपास धरला. यमुनाकाकू भिंतीला टेकून बघत होत्या. समई चौथ्यांदा घासायला घेतली तेव्हा त्याच म्हणाल्या, “पुरे आता. पितळ झिजेल.” खोली रिकामी करण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. बाटली तेवढी शाळेत धोंडीबाच्या ताब्यात गेली.

थंडी सरता सरता फेंगड्याचे पाय भरले. पहिल्यांदा तो नुसता ताठ उभा राहिला. मग सरळ पावलं टाकत चालला. आणि एका सकाळी टांग्यामागं असा पळत सुटला, की शाळेच्या सगळ्या मुली भिंतीवर चढून ओरडायला लागल्या. बाईंनी चष्मा पुसला आणि मुलींना म्हणाल्या, “खाली उतरा. पडाल.” पुढं ही बातमी बाजारातून खेड्यांत गेली. कवठे महांकाळकडचा बिरा म्हणून एक धनगर मेंढरं घेऊन आला होता, तो घोंगडीत पिल्लू गुंडाळून फाटकाशी आला. “बाई, ह्यो बी तसाच निपजलाय बगा. ह्येच्या आयला लांडगं भ्यायचं. ह्यो ऱ्हायला तर मेंढरं ऱ्हातील.” बाईंनी त्याला चमचा दाखवला, माप तीन-तीनदा वदवून घेतलं आणि बाटली दिली. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला. पिल्लू बरोबर नव्हतं. विचारलं तर म्हणाला, “त्येला कशाला आणू? राखणीला हाय की त्यो.”

पण बाईंचं लक्ष या कशात नव्हतं. त्यांचं लक्ष होतं गोविंदभटजींच्या वाटेकडं. देवळातून घरी जायला शाळेवरून यायचं कारण नव्हतं, वाट लांबची. तरी भटजी रोज त्याच वाटेनं येत आणि फेंगड्याच्या पायांकडं बघून जात. फेंगड्या पळाला त्याच वर्षी, फाल्गुनातल्या एका सकाळी ते सुमीला कडेवर घेऊन फाटकाशी आले. बाई थाळी घेऊन उभ्या होत्या.

“बाई, याला गुण आला,” भटजी म्हणाले. “मी रोज बघत होतो. नाही म्हणायला मला तोंड नाही.”

“मग?”

“पण कुत्रं ते कुत्रं, बाई. त्याला ना सोवळं, ना परलोक. आपल्यातल्या कुणी हे घशाखाली घातलेलं मी पाहिलेलं नाही. आणि माझ्या पोरीनंच पहिल्यांदा...” त्यांनी सुमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग हळूच म्हणाले, “तुम्ही घ्याल?”

त्यात कावा नव्हता. बुडणारा माणूस धरायला काही शोधतो, तसा त्यांचा आवाज होता. धोंडीबा घंटेची दोरी हातात धरून तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता बाई विचारणार, कारण? पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी डाव्या हातानं चमचा भरला. मग तो डाव्या हातातून उजव्या हातात घेतला. ज्या हातानं त्या बाळकृष्णाला न्हाऊ घालत, जेवत, त्या हातात. आणि नाक न धरता चमचा तोंडात घातला.

त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. तेल खाली उतरायला वेळ लागला. मग त्यांनी पदरानं ओठ टिपले, चमचा पुन्हा भरला आणि म्हणाल्या, “सुमी, आ कर.” सुमीनं आधी फेंगड्याची थाळी भरायला लावली आणि मग तोंड उघडलं. भटजी फाटकाशी धुळीतच बसले आणि लहान मुलासारखे रडले.

त्या संध्याकाळी बाईंनी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा ताम्हनासकट नेऊन यमुनाकाकूंना दिले. म्हणाल्या, “माझ्याकडून आता व्हायचं नाही. तुम्ही करा.” काकू रडायला लागल्या, तरी बाईंचा आवाज सरळ. मी म्हणाले, अहो, प्रायश्चित्त असतं, पंचगव्य घ्या आणि मोकळ्या व्हा. त्यांनी माझ्याकडं नीट वळून बघितलं. “प्रायश्चित्त चुकीसाठी घ्यायचं असतं. मी चूक केलेली नाही. पण सोवळंही राहिलेलं नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.” आज म्हातारपणीही ती वाक्यं मला तशीच्या तशी आठवतात.

दाऊदभाईंची बाटली त्या आता पायरीवर ठेवू देत नसत, हातातच घेत. सुमी रोज सकाळी शाळेच्या आवारात यायची, आधी फेंगड्या, मग ती, मग दोघंही उन्हात. भटजींनी कुणापासून लपवलं नाही. काही घरांनी त्यांना श्राद्धाला बोलावणं सोडलं. देवळाची पूजा तेवढी राहिली, तीही जाते की काय अशी कुजबुज होती. आणि बाई देवळात जायच्या, पण पायऱ्यांच्या खालीच उभ्या राहायच्या. चपलांजवळ. तिथूनच हात जोडायच्या. तीर्थ घ्यायला वर गेल्या नाहीत.

असं वर्षभर चाललं. पुढच्या चैत्रात माझं लग्न सांगलीला ठरलं आणि मी नोकरी सोडली. निघायचा दिवस नेमका रामनवमीचा. टांगा गल्लीच्या वळणाशी उभा करून मी देवळाशी बाईंचा निरोप घ्यायला गेले. जन्मकाळ नुकताच झाला होता, गर्दी पायऱ्यांपर्यंत. बाई नेहमीच्या जागी उन्हात उभ्या होत्या. फेंगड्या त्यांच्यापासून हातभर लांब, शहाण्यासारखा. सुमी पायऱ्या चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. तिचे पाय इतर मुलींसारखेच होते. नवीन माणसाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आत भटजी तीर्थ देत होते. त्यांची नजर खाली गेली. हातातलं पंचपात्र तसंच घेऊन ते गर्दीतून वाट काढत पायऱ्या उतरू लागले. मागून कुणी वजनदार गृहस्थ म्हणाले, “भटजी, इकडं राहिलंय अजून.” भटजी म्हणाले, “थांबा जरा.” आणि ते बाईंच्या समोर येऊन उभे राहिले.

“बाई, हात पुढं करा.”

बाई मागं सरल्या. “भटजी, तेल घशाखाली गेलेलं आहे.”

“ठाऊक आहे. मी तिथंच होतो,” भटजी म्हणाले. “हात पुढं करा.”

सगळं देऊळ बघत होतं. बाईंनी उजवा हात पदराला पुसला, पुन्हा पुसला आणि पुढं केला. भटजींनी पळीभर तीर्थ त्यांच्या तळहातावर घातलं. बाईंनी ते घेतलं, ओला हात डोळ्यांना लावला आणि तो तसाच बराच वेळ डोळ्यांवर ठेवला.

मला पुढं होऊन नमस्कार करायचा होता. टांगेवाला मागून हाका मारत होता. मी लांबूनच हात जोडले आणि वळले. गल्लीच्या वळणावरून मागं पाहिलं, तेव्हा सुमीनं बाईंचं बोट धरलं होतं. ती एक पायरी वर चढायची, थांबायची, आणि खाली वाकून म्हणायची, “चला ना, बाई.”